टॅक्सीच्या नाकाखालची फळी

माझ्या भावाच्या गाडीला मी एक फळी करून दिली होती, तिची ही गोष्ट. गाडी म्हणजे मोडीत निघालेली काळी-पिवळी टॅक्सी. आणि फळी म्हणजे तिच्या नाकाखाली, जमिनीपासून वीतभर वर, जिभेसारखी पुढे आलेली लाकडाची सपाट पट्टी. भाऊ तिला स्प्लिटर म्हणायचा. मला तो शब्द नीट म्हणताही यायचा नाही. पण लाकूड माझ्या ओळखीचं होतं, तेवढ्यावर मी हो म्हटलं.

आमचं घर ठाण्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यात. आबा, म्हणजे माझे वडील, होड्या बांधायचे. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मिसरूड फुटायच्या आत त्याने आबांच्या तोंडावर सांगितलं की खाडीत कारखान्यांचं पाणी येतंय, मासळी मरतेय, तुमच्या होड्या उद्या कोण घेणार, मी नौपाड्यातल्या गॅरेजात कामाला जातो. तो बोलला ते खरं होतं, म्हणूनच आबांना जास्त लागलं. त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. एका अंगणात, दोन हातांवर उभे असले तरी मला हाक मारून म्हणायचे, "तुझ्या भावाला सांग, त्याचं चाक माझ्या रशीवर आलंय." भाऊही मलाच म्हणायचा, "आबांना सांग, काढतो." मी मधे उभी राहून दोघांकडे बघायची. आधी हसू यायचं, मग कंटाळा आला, मग त्याची सवय झाली. अकरा वर्षं चाललं हे. मधल्या काळात भावाने डोंबिवलीला खोली घेतली, पण टॅक्सी ठेवायला तिथे जागा नव्हती म्हणून ती आमच्या मागच्या अंगणात, आबांच्या होड्यांच्या शेजारी उभी असायची.

मी लवकर विधवा होऊन माहेरी परत आले होते. सकाळी बाजारात मासळी घेऊन बसायची आणि दुपारी आबांच्या हाताखाली. भाऊ गेल्यावर फळीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागायचंच ना. टोक धरता धरता रंधा मारायला शिकले, फटीत कापूस ठोकायला शिकले, लाकडाला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल कसं मुरवायचं ते शिकले. आबांनी कधी शिकवलं असं नाही. कधी हटकलंही नाही. आमच्यात बायकांनी होडीला हत्यार लावायची रीत नव्हती, त्यामुळे कुणी गिऱ्हाईक आलं की मी रंधा खाली ठेवून सुपात तांदूळ घेऊन बसायची. गिऱ्हाईक गेलं की पुन्हा रंधा.

आबांची एक पद्धत होती. होडी पुरी झाली की डोळे मिटून तिच्या अंगावरून तळवा फिरवायचे, नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत. हात जिथे अडला तिथे काम राहिलंय. हात अडला नाही तर काही न बोलता विडी पेटवायचे. त्यांच्याकडून मिळणारी शाबासकी ती एवढीच.

आता भावाचं सांगते. नौपाड्यात एक डॉक्टर होते, दवाखाना जुना, गर्दीचा, आणि डॉक्टरांना नाद शर्यतीच्या गाड्यांचा. त्यांची एक खास बनवून घेतलेली गाडी होती, ती ते मद्रासला शर्यतीला पाठवायचे. तिची देखभाल भावाच्या गॅरेजात व्हायची. ती गाडी चालवणारा माणूस आखातात नोकरीला निघाला, तेव्हा भावाने धीर करून विचारलं, मी चालवू का. डॉक्टर म्हणाले, कल्याणच्या पलीकडे लढाईच्या काळातली जुनी धावपट्टी आहे, अमक्या रविवारी आम्ही सगळे तिथे गाड्या पळवायला जमतोय, तू तुझी घेऊन ये. तुझे हात बघतो आणि मग ठरवतो.

भाऊ त्या दिवशी घरी आला तो जेवलाच नाही. मला म्हणाला, "बाय, सगळं आयुष्य मी दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपलोय. एकदा आत बसायला मिळतंय." आमच्यात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात.

टॅक्सीचं इंजिन त्याने स्वतः उघडून बांधलं. मागची सीट काढून टाकली, मीटर तर कधीच गेला होता. राहिली ती फळी. विकतची फळी मिळत नव्हतीच, आणि मिळाली असती तरी आमच्या आवाक्यातली नसती. डॉक्टरांकडे परदेशी मासिकं यायची, त्यातलं एक पान त्याने मागून आणलं होतं. मला समजावलं की गाडी जोरात निघाली की वारा तिच्या पोटाखाली शिरतो आणि तिला उचलायला बघतो. मग पुढची चाकं रस्त्यावर घट्ट बसत नाहीत, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी ऐकत नाही. ही फळी वारा कापते. खाली थोडाच जातो, आणि वरचा वारा फळीवर बसून नाक दाबून धरतो.

मला ते लगेच समजलं. निदान मला तसं वाटलं. पाणी कापणाऱ्या वस्तू बघतच मी मोठी झाले होते.

एका होडीसाठी आणलेला पाण्यात टिकणारा प्लाय थोडा उरला होता, तो घेतला. आबांनी बघितला आणि तोंड फिरवलं. याचा अर्थ घे. टॅक्सीच्या नाकाचा आकार मी वर्तमानपत्रावर उतरवून घेतला, शाळेत न्यायच्या नकाशासारखा, आणि त्यावरून कापलं. दोन थर एकमेकांवर चिकटवून वर होडीची नांगराची साखळी ठेवली दाबायला. कडेला भंगारातली अॅल्युमिनियमची पट्टी ठोकली. फळी पुढे लोंबू नये म्हणून भावाने वरून ताणायला दोन सळ्या करून ठेवल्या. शेवटी मी तिला मुशीचं तेल पाजलं, होडीला पाजतात तसंच, तीन वेळा, उन्हात वाळवून. भाऊ म्हणाला, अगं, रंग लावला असता तर नसतं का चाललं. मी म्हटलं, रंग उडतो, तेल राहतं. त्यानंतर त्या गाडीला मुशीचा असा वास यायला लागला की गॅरेजातली पोरं म्हणायची, उस्ताद, शर्यतीला निघालात की सुकट विकायला. कोळीवाड्यातली दोन कुत्री तर गाडीसमोरून हलायची नाहीत.

पण ज्या गोष्टीपायी हे सगळं लिहितेय ती अशी. फळी बसवायच्या दिवशी भाऊ गाडीखाली झोपला होता, फक्त पाय दिसत होते. मी वरून फळी धरली होती. मासिकातला फोटो समोरून काढलेला, त्यात फळी सपाट आहे की कशी ते दिसत नव्हतं. मी विचारलं, "पुढून किती उचलू रे?" तो खालून म्हणाला, "तुला बरोबर वाटेल तशी धर, मी भोकं पाडतो."

मला बरोबर वाटलं ते मी केलं. पुढचं टोक दोन बोटं वर घेतलं. होडीचं नाक वर नसेल तर ती लाटेवर चढत नाही, लाटेत घुसते. आमच्याकडे लहान मुलालासुद्धा हे माहीत असतं. वाऱ्याचं वेगळं असेल हे डोक्यातच आलं नाही. भावाने चार बोल्ट आवळले, बाहेर आला, लांबून बघितलं आणि म्हणाला, झकास.

त्या रविवारी आबा आले. मी त्यांना विचारलं होतं, येता का बघायला, तर म्हणाले होते की मला काय करायचंय तिथे. आणि सकाळी बघते तर धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसलेले. म्हणाले, कल्याणला लाकडाच्या वखारीत काम आहे, वाटेत उतरीन. वखार रविवारी बंद असते हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. गॅरेजचा उघडा टेम्पो टायर घेऊन चालला होता, त्यात मागे आम्ही दोघं बसलो. आबा वखारीपाशी उतरले नाहीत. मीही आठवण केली नाही.

धावपट्टी म्हणजे लांबच लांब, चिरा पडलेला डांबरी पट्टा, दोन्ही बाजूंना वाळकं गवत. फक्कीच्या रेघा मारलेल्या. जायचं सरळ, शेवटी पिंपांच्या मधून वळायचं आणि परत यायचं. प्रत्येकाला दोन फेऱ्या. डॉक्टर डोक्यावर पांढरी टोपी घालून, हातात घड्याळ घेऊन उभे होते.

भावाची पहिली फेरी नीट झाली. फार जोरात नव्हती, पण नीट. तो परत आला, हेल्मेट काढून डॉक्टरांशी काही बोलत उभा राहिला. मी त्याच्यासाठी पाणी आणायला टेम्पोकडे गेले. परत येताना दुरून बघितलं तर आबा टॅक्सीसमोर उकिडवे बसलेले. डोळे मिटलेले. त्यांचा तळवा फळीवरून फिरत होता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. भाऊ हातात पाना घेऊन त्यांच्यामागे उभा होता. आबांचा हात कुठेच अडला नाही. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि भावाकडे बघून, सरळ त्याच्याकडे बघून, म्हणाले, "बरी बसवलीस रे."

मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच थांबले. मला पुढे जाववेना.

दुसरी फेरी भावाने जोरात घेतली. गाडीचा आवाज अजून आठवतो, शेवटी शेवटी तो बारीक होत गेला. पिंपांपाशी त्याने स्टिअरिंग फिरवलेलं दिसलं, चाकं वळलेली दिसली, पण गाडी वळली नाही. सरळ गेली. पिंप उडवून गवतात, आणि गवताच्या पलीकडे पाण्याचा जुना चर होता त्यात. धूळ एवढी उठली की काही दिसेना. आबा माझ्या आधी पळाले. त्या वयाच्या माणसाला तसं पळताना मी कधी बघितलं नव्हतं.

तो जिवंत होता. खांद्याचं हाड मोडलं होतं, कपाळाला खोक होती. डॉक्टरांनी तिथेच त्याच्या हाताला झोळी बांधली आणि त्याला कल्याणच्या दवाखान्यात नेलं. जमलेले लोक आपसात बोलत होते, इंजिन चांगलं बांधलंय पण हात कच्चा आहे, वळण आधी धरायला पाहिजे होतं. भावानेही तेच सांगितलं. म्हणाला, माझाच हात चुकला.

टॅक्सी तिथेच राहिली, नंतर ओढून आणली. फळी मात्र मी त्या दिवशीच बरोबर घेतली. एका बाजूने फुटली होती, पण मोठा तुकडा धड होता. परतताना टेम्पोच्या पुढच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि तो तुकडा दोन्ही हातांनी समोर आडवा धरला, का धरला सांगता येणार नाही, हाताला काहीतरी पाहिजे होतं. टेम्पोने वेग घेतला तशी फळी हातातून उठायला लागली. मी घट्ट धरली, तरी ती वर जायला बघत होती, अंगात वारं शिरल्यासारखी. सहज मनगट खाली वाकवलं, तर तीच फळी लगेच खाली दाबली गेली, इतकी की हात दुखले. पुन्हा वर केली. पुन्हा उठली. मी तीनचार वेळा करून बघितलं. आबा बाजूला बसले होते, डोळे मिटून. त्यांना काही दिसलं नाही.

तिथेच मला कळलं की हात कुणाचा चुकला.

दोन दिवस मी जेवले की नाही आठवत नाही. भावाचं सगळं त्या एका रविवारावर टांगलेलं होतं आणि तो स्वतःच्या तोंडाने स्वतःला कच्चा म्हणवून घेत होता. तिसऱ्या दिवशी फळीचा तुकडा जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि चालत नौपाड्याला डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. खोकणाऱ्या पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या रांगेत नंबर लावून बसले. शेजारच्या बाईने विचारलं, पोटात दुखतंय का, हे काय धरलंय. मी म्हटलं, फळी आहे. ती जरा सरकून बसली.

आत गेल्यावर मी टेबलावर लुगडं सोडलं. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माझ्या भावाचा हात कच्चा नाही. ही मी केलीय. नाक मी वर घेतलं, त्याने नाही."

त्यांनी फळी उचलून डोळ्यांसमोर धरली, एका कडेने बघितली. "नाक वर का घेतलंत?"

"होडीला घेतात."

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "होडीला बरोबरच आहे." मग चष्मा काढून खाली ठेवला. "पण बाई, त्याला हे माहीत होतं."

मला काही समजलं नाही. त्यांनी मग सावकाश सांगितलं. पहिल्या फेरीनंतर त्यांनीच भावाला विचारलं होतं, गाडी पुढून उचलतेय का. तो म्हणाला होता, हो, वेग वाढला की स्टिअरिंग हातात हलकं होतंय, फळीचा उतार उलटा बसलाय बहुतेक. डॉक्टर म्हणाले होते, मग काढून टाक, चार बोल्ट तर आहेत, फळीशिवाय जा. तो हो म्हणून पाना घेऊन गेला होता. आणि थोड्या वेळाने परत येऊन म्हणाला, असू दे, जातो असाच.

"मी त्याला विचारलं, का नाही काढलीस," डॉक्टर म्हणाले. "त्याने सांगितलं नाही. हात कच्चा असता तर मी शिकवलं असतं, हो. त्याचे हात चांगले आहेत. पण ज्याला गाडी सांगतेय आणि तरी जो जातो, त्याला मी माझी गाडी देऊन मद्रासला पाठवू? उद्या त्याला उचलून आणायचं मला?"

कारण मला माहीत होतं, पण ते डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं. भाऊ पाना घेऊन उभा होता तो क्षण मी बघितला होता. मी फळी पुन्हा लुगड्यात बांधली. त्यांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत, उलट विचारलं, तुमचा चेहरा उतरलाय, जेवता ना. मी हो म्हटलं आणि बाहेर पडले.

तिथून तशीच डोंबिवलीला गेले. भाऊ खाटेवर उशीला टेकून बसला होता, हात गळ्यात बांधलेला. मी सगळं सांगितलं, टेम्पोतलंही.

"कशाला गेलीस?" म्हणाला.

"तू का नाही काढलीस ते सांग आधी."

"काढणारच होतो. पाना बोल्टला लावायला वाकलो, तर आबा पुढ्यात बसलेले. हात फिरवतायत." "अकरा वर्षांनी बोलले, बाय. आणि ती तू केलेली. त्यांच्या डोळ्यांसमोर ती काढून बाजूला फेकू?"

"मेला असतास तर?"

"मला वाटलं, सांभाळून घेईन."

मी रडायला लागले तेव्हा तो वैतागला, म्हणाला, रडू नकोस, पाणी दे. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरांची गाडी गेली ती गेली. आबांना यातलं काही सांगू नकोस. माझा हात कच्चा म्हणतायत तर म्हणू दे. फळी वाईट होती हे त्यांना कळायला नको." मी कबूल केलं. त्या वेळी ते फार जड वाटलं नव्हतं.

डॉक्टरांची गाडी पुढे दुसऱ्या कुणी चालवली. देखभाल भावाकडेच राहिली. पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी गॅरेजात निरोप ठेवला की त्या बाईंकडून आमच्या गाडीला एक फळी करून घ्या, सरळ, नाक किंचित खाली. मी नाही म्हणणार होते. भाऊ म्हणाला, कर, तुझ्यासारखं घासणारं कुणी नाही. मी केली. त्याने पाणसळ लावून लावून बसवली. पुढच्या वेळी धावपट्टीवर तो नवा माणूस फेरी मारून आला, तेव्हा भाऊ खिडकीत वाकून त्याला विचारत होता, वळणावर स्टिअरिंग कसं लागतंय, जड की हलकं, किती जड. तो माणूस सांगत होता, आणि भाऊ ऐकत होता, आपला मोडून वाकडा जुळलेला खांदा दारावर टेकून. मी तिथून बाजूला झाले.

आबा मात्र त्या रविवारनंतर त्याच्याशी बोलायला लागले ते कायमचे. पोराचं हाड मोडलं म्हणून असेल, किंवा त्याची कीव आली म्हणून. भाऊ दर आठवड्याला आबांबरोबर जेवायला यायला लागला. आणि आबा त्याला गाडी कशी चालवावी ते सांगायचे. आयुष्यात कधी स्टिअरिंग धरलं नव्हतं त्यांनी. सुकाणू हलकं धरावं, आधी बघावं, घाई करू नये, असं जेवता जेवता सांगत राहायचे. भाऊ मान खाली घालून म्हणायचा, हो आबा.

आबा जायच्या आदल्या वर्षी आमच्याकडे पाहुणे आले होते, आबांच्या बहिणीकडचे. पंगतीत कुणीतरी भावाच्या खांद्याचं विचारलं. आबांनी सगळी हकिकत रंगवून सांगितली, धावपट्टी, पिंपं, धूळ. शेवटी म्हणाले, "फळी काय झाली होती सांगू. माझा हात कुठं अडला नाही तिच्यावर. पोरीनं केली होती माझ्या. पोराचाच हात कच्चा, काय करणार."

पाहुणे हसले. मी भाताचं पातेलं घेऊन उभी होते. माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी ओठांशी. भावाने वर बघितलं आणि ताट पुढे सरकवलं.

"बाय," म्हणाला, "भात वाढ."

मी वाढला.